हस्तपत्रके वाटावीत कशी?

नवीन दुकान उघडले, दुकानाची जागा बदलली, ईद-दिवाळीचा हंगाम जवळ आला किंवा धंदा थंड पडला, की आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या मनात पहिला विचार येतो तो हँडबिलांचा. छापखान्यात जायचे, हजार-दोन हजार पत्रके छापून घ्यायची, दोन पोरांच्या हाती गठ्ठे द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत सारी वस्ती पालथी घालायची. वर्तमानपत्रातील जाहिरात परवडत नाही. रस्त्यावर फलक लावायचा तर महापालिकेची परवानगी आणि शुल्क आले. मोबाईलवरचे संदेश लोक न वाचताच पुसून टाकतात. त्यामुळे कागदाचे पत्रक अजून टिकून आहे. गादी भरणारा, शिंपी, फ्रिज-एसी दुरुस्त करणारा, ग्रिल-दरवाजे बनविणारा, बेकरीवाला अशा लहान धंद्यांना त्याचा उपयोगही होतो.

परंतु एक गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते. दुकानात गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते, पत्रक मात्र न बोलावता दुसऱ्याच्या दारात जाते. त्यावर आपले नाव, पत्ता आणि फोन नंबर छापलेला असतो. जिन्यात तुडविले गेलेले किंवा गटारात तरंगणारे पत्रकही आपल्या दुकानाबद्दल काहीतरी सांगतच असते. म्हणून या लेखात दापोडीचे उदाहरण समोर ठेवून आम्ही पत्रक वाटपाचे नियम, शिष्टाचार आणि हिशेब मांडणार आहोत. इतर वस्त्यांतील बांधवांनाही तो उपयोगी पडेल.

वस्तीची हद्द आधी ओळखा

दापोडी हे पुण्याकडून येताना पिंपरी-चिंचवड शहराचे पहिले गाव. मुळा आणि पवना नद्यांचा संगम येथेच होतो. गावठाणातली जुनी घरे, कामगारांच्या चाळी, नदीकाठच्या दाट वस्त्या आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या सोसायट्या, असे सर्व प्रकार येथे जवळजवळ आहेत. एसटी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आणि लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सी.एम.ई., येथेच आहे. पुणे-लोणावळा लोकलचे स्टेशन आहे आणि १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोही दापोडीला थांबू लागली. अशा ठिकाणी एका तासाच्या फेरीत आपण चार निरनिराळ्या कारभारांच्या हद्दीत शिरतो, याची पुष्कळांना कल्पना नसते.

दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी आणि पवनेपलीकडची सांगवी हा भाग पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा. येथे जाहिरातीची परवानगी महापालिकेचा आकाशचिन्ह व परवाना विभाग देतो. हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी, आणि तेथून पुणे महानगरपालिका सुरू होते. एका महापालिकेची पावती दुसरीकडे दाखवून उपयोग नाही. सी.एम.ई.चा आणि खडकीकडील लष्करी भाग पूर्णपणे वेगळा. तेथे परवानगीवाचून पत्रकांचा गठ्ठा घेऊन फिरणे म्हणजे स्वतःहून चौकशी ओढवून घेणे होय. रेल्वेच्या हद्दीत परवान्याशिवाय धंद्याचा प्रचार करणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४४ नुसार गुन्हा आहे. म्हणून लोकलच्या डब्यात, प्लॅटफॉर्मवर किंवा मेट्रोच्या जिन्यावर पोरांना उभे करू नये.

आमचा सल्ला असा की, गठ्ठा उचलण्यापूर्वी एका कागदावर वस्तीचा साधा नकाशा काढावा. आज कोणत्या गल्ल्या, कोणत्या चाळी, कोणत्या सोसायट्या आणि कोठे जायचे नाही, हे त्यावर लिहावे. दुकानापासून एक-दीड किलोमीटरच्या आतली घरे बहुतेक कारागिरांना पुरेशी असतात. गादी भरून घ्यायला दापोडीचा माणूस सहसा निगडीला जात नाही आणि निगडीचा दापोडीला येत नाही.

कायदा काय सांगतो?

हातात पत्रक देणे आणि भिंतीवर पत्रक चिकटविणे यांत कायद्याच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. महाराष्ट्रात १९९५ साली मालमत्ता विद्रुपीकरण प्रतिबंधक कायदा झाला. सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या जागेवर परवानगीवाचून जाहिरात चिकटविली, लिहिली किंवा रंगविली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. विजेचा खांब, बस थांबा, सार्वजनिक शौचालयाची भिंत, पुलाचा कठडा, झाडाचे खोड या सर्व जागा टाळाव्यात. चिकटविणारा पोरगा पळून जाईल, पण कागदावर नाव दुकानाचे असते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २४४ व २४५ खाली जमीन, इमारत किंवा भिंतीवर जाहिरात लावण्यास आयुक्तांची लेखी परवानगी लागते. अनधिकृत फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयानेही ३१ जानेवारी २०१७ रोजी महापालिकांना कडक आदेश दिले होते.

दुसरी गोष्ट छापखान्याच्या नावाची. १८६७ च्या छापखाना कायद्याच्या कलम ३ नुसार प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते. तो कायदा १ मार्च २०२४ पासून संपुष्टात आला आणि त्या जागी आलेला नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे. तरीही आम्ही म्हणू की, पत्रकाच्या तळाशी दुकानाचा पूर्ण पत्ता आणि छापखान्याचे नाव जरूर असावे. ज्या कागदाला धनी नाही त्याच्याविषयी लोकांना संशय येतो आणि तो योग्यही आहे.

निवडणुकीच्या दिवसांत विशेष सावध राहावे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणूक पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एखादा उमेदवार म्हणतो, "तुमच्या हँडबिलावर माझा फोटो आणि शुभेच्छा छापा, छपाईचा खर्च मी देतो." हा मोह टाळावा. दुकानाचे पत्रक दुकानापुरतेच असावे.

तिसरी गोष्ट मजकुराची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात बंद करण्याचा किंवा सुधारण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण व्यापाऱ्यालाही देऊ शकते. आपल्यात युनानी व जडीबुटीचा व्यवसाय करणारे बांधव आहेत. त्यांनी १९५४ चा औषधे व जादूई उपचार कायदा लक्षात ठेवावा. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार असे आजार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात या कायद्याने मना आहे. "हमखास गुण, अन्यथा पैसे परत" असे छापून काही कायदा चुकविता येत नाही.

परवानगी हीच पहिली पायरी

कायदा जेथे संपतो तेथून शिष्टाचार सुरू होतो. दुसऱ्याच्या घरी जाण्याचा शिष्टाचार आपल्याला नवीन नाही. पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये (आयत २७ व २८) आपल्या घराखेरीज इतरांच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नये, आणि "परत जा" असे सांगितले तर परत जावे, अशी शिकवण आहे. तीन वेळा परवानगी मागावी आणि उत्तर न आल्यास माघारी फिरावे, असे हदीसमध्ये आले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) कोणाच्या दारी गेले तर दारासमोर उभे न राहता उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहत, म्हणजे घरात नजर जात नसे. पत्रक वाटणाऱ्याला याहून चांगला धडा कोणता हवा?

हा धडा दापोडीत प्रत्यक्षात कसा आणायचा ते पाहू.

सोसायटीत जायचे असेल तर आदल्या दिवशी दुकानाच्या मालकाने स्वतः जावे. पोरांना पाठवू नये. वॉचमनला भेटून चेअरमन किंवा सेक्रेटरी कोण, ते कधी भेटतात, हे विचारावे. बोलणे साधे ठेवावे. "काका, पुढच्या गल्लीत आमचे गादीचे दुकान आहे. जुन्या गाद्या पिंजून, भरून देतो. उद्या सकाळी आमची दोन माणसे टपालपेटीत एकेक कागद टाकून जातील. आपली हरकत नसेल तरच." एवढे पुरे. पुष्कळदा सेक्रेटरी म्हणतात, "घरोघरी नको, सूचना फलकावर एक लावा." शंभर पत्रकांपेक्षा तो एक कागद जास्त मोलाचा आहे, कारण तो समितीच्या संमतीने लागतो आणि महिनाभर दिसतो. नकार मिळाला तर वाद घालू नये. आभार मानून निघावे. वॉचमनच्या हातात दहा-वीस रुपये कोंबून आत शिरण्याचा प्रकार तर कटाक्षाने टाळावा. त्याने त्याची नोकरी धोक्यात येते आणि आपल्या धंद्याला लाचेचा डाग लागतो.

चाळीत आणि गावठाणात चेअरमन नसतो, पण प्रत्येक अंगणात एखादे वडीलधारे माणूस असते. त्यांना आधी भेटावे. दार उघडणाऱ्या बाईंना "ताई" किंवा "मावशी" म्हणून, एक पाऊल मागे उभे राहून पत्रक द्यावे. घरात पुरुषमाणूस आहे का, घरात किती जण राहतात, असले प्रश्न विचारू नयेत. पाणी मागण्याच्या निमित्ताने उंबऱ्यावर रेंगाळू नये.

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्टच लिहितो. अनोळखी तरुण जिन्यात दिसला की लोक विचारतात, "कोण तुम्ही? कोणाकडे?" नाव ऐकल्यावर काही वेळा आवाजही बदलतो. याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण यावर उपाय आपल्या हातात आहे. वाटणाऱ्या प्रत्येकाजवळ दुकानाचे नाव, शिक्का, त्याचा फोटो आणि मालकाचा फोन नंबर असलेले ओळखपत्र असावे. कोणी विचारण्याआधीच त्याने ते दाखवावे. "खात्री करायची असेल तर आत्ता फोन करा, मालक बोलतील," असे सांगावे, आणि मालकाने त्या दिवशी फोन उचलावाच. ज्या घराने आज संशयाने पाहिले, तेच घर सहा महिन्यांनी फ्रिज बिघडल्यावर त्या ओळखपत्राची आठवण ठेवते. मिश्र वस्तीत धंदा करणाऱ्याला हे भांडवल पैशापेक्षा मोठे आहे.

दारापाशी पाळावयाच्या गोष्टी

१. कुलूप असलेल्या दारात पत्रक खोचू नये. दारात दोन-तीन पत्रके साठली की घर बंद असल्याचे चोराला आयते कळते. पुढे काही घडले तर बोट कोणाकडे जाईल हे सांगायला नको.

२. एका घरात एकच पत्रक. मोटारीच्या काचेवर, स्कूटरच्या हँडलमध्ये, लिफ्टच्या आरशावर पत्रक लावू नये. पावसात काचेवरचा कागद चिकटून बसतो आणि गाडीमालक तो खरडताना आपल्यालाच दूषणे देतो.

३. "जाहिरातवाल्यांना प्रवेश नाही" अशी पाटी असेल तर ती पाळावी. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९८८ सालीच निकाल दिला की टपालपेटीवर जाहिरात नको अशी चिठ्ठी असेल तर ती पाळली पाहिजे. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहराने १ जानेवारी २०१८ पासून उलट नियम केला. ज्या घरावर "हो, हवे" अशी चिठ्ठी असेल तेथेच जाहिरातपत्रक टाकायचे. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तो नियम कायम ठेवला. अमेरिकेत तर टपालाचे तिकीट न लावता दुसऱ्याच्या टपालपेटीत कागद टाकणे १९३४ पासून गुन्हा आहे. आपल्याकडे असा कडक नियम नाही. पण घरमालकाची इच्छा ही जगभर मानली जाणारी गोष्ट आहे.

४. वेळ पाहावी. दापोडी-भोसरी-चाकण हा कारखान्यांचा पट्टा आहे. रात्रपाळी करून आलेला कामगार दुपारी झोपलेला असतो. म्हणून दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. पिंपरी-चिंचवडमधील पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. कामगारांच्या वस्तीत गुरुवारी सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात ही वेळ चांगली. सरकारी व बँकेच्या नोकरदारांच्या सोसायटीत तीच वेळ रविवारी धरावी. परीक्षेच्या दिवसांत बेल वाजविण्यापेक्षा टपालपेटी बरी. ज्या घरी दुःखद घटना घडली आहे, मंडप पडला आहे, त्या जिन्यात त्या दिवशी जाऊच नये.

५. मशिदीत पत्रक वाटू नये. मशिदीत खरेदी-विक्री करण्यास हदीसमध्ये मनाई आहे. जुम्याच्या नमाजनंतर बाहेर रस्त्यावर द्यायचे असेल तर विश्वस्तांना विचारावे आणि वाट अडवू नये. अजान झाल्यावर व्यवहार थांबवावा आणि नमाजनंतर रोजीच्या शोधात पांगावे, हा क्रम सूरह जुमुआने घालून दिलेलाच आहे.

६. वर्तमानपत्रातून पत्रके टाकायची असतील तर थेट घरोघरी पेपर टाकणाऱ्या पोराशी गुपचूप सौदा करू नये. पहाटे गठ्ठे उतरतात तेथे विक्रेत्याशी बोलावे, संख्या मोजून द्यावी आणि त्याची मजुरी ठरवावी. भारताचे माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी बालपणी रामेश्वरममध्ये वर्तमानपत्रे वाटली होती. म्हणून त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून पाळतात. या कष्टकऱ्यांचा मान राखावा. १५ ऑगस्ट व २६ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रे निघत नाहीत, हेही दिवस ठरविताना ध्यानात ठेवावे.

पत्रकात काय असावे आणि काय नसावे

पत्रक दहा सेकंदांत वाचून होते. त्यात पाच गोष्टी ठळक असाव्यात : काय काम करतो, कोठे करतो, दर कोठून सुरू होतात, दुकान कधी उघडे असते आणि फोन नंबर. पत्ता लिहिताना जवळची खूण द्यावी. दापोडीत मजकूर मराठीत असावा. गरज वाटल्यास मागच्या बाजूस हिंदी किंवा उर्दू द्यावे. मराठी नीट लिहिता येत नसेल तर एखाद्या शिक्षकाकडून तपासून घ्यावी. अशुद्ध मजकुराचे पत्रक वाचून लोक कामाबद्दलही तसाच अंदाज बांधतात.

आपले बरेच बांधव बरकतीसाठी पत्रकाच्या माथ्यावर बिस्मिल्लाह किंवा आयत छापतात. भावना चांगली असते. पण हे पत्रक किराणाच्या पुडीत जाते, पायाखाली येते, कचऱ्याच्या गाडीत जाते. पवित्र शब्दांचा असा अवमान आपल्याच हातून घडू नये, म्हणून छापू नये. बिस्मिल्लाह म्हणून काम सुरू करावे, कागदावर मात्र दुकानाचे नाव पुरेसे आहे. इतर धर्मीयांच्या देवदेवतांची चित्रेही सणाच्या निमित्ताने छापू नयेत. तेथेही तीच अडचण येते आणि त्यातून विनाकारण तंटा उभा राहतो.

दर खरे लिहावेत. "५० टक्के सूट" म्हणायचे आणि आधी भाव दुप्पट करायचा, हा व्यापार नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. हे आपण सर्वांनी ऐकले आहे. पत्रकावरचा बारीक टाइपातला "अटी लागू" हा शब्दही पुष्कळदा राशीतल्या त्या ओल्या धान्यासारखा असतो. अट असेल तर ती दराच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात लिहावी.

वाटणारा माणूस आणि त्याची मजुरी

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे १९८६ च्या बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच व्यवसायांत मना आहे. शाळेनंतर आपल्याच घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात मुलाने हातभार लावणे ही त्यातली एक सवलत. तेव्हा शेजारच्या पाचवी-सहावीच्या मुलांना वडापावचे पैसे देऊन गठ्ठा सोपवू नये.

मजुरी ठरविताना "शंभराला इतके" असा नगावर भाव ठरविला तर गठ्ठा लवकर संपविण्याची घाई होते. मग एका दारात दहा कागद पडतात आणि उरलेला गठ्ठा गटारात किंवा नदीत जातो. म्हणून मजुरी तासावर द्यावी, गल्ली नेमून द्यावी आणि उरलेली पत्रके परत आणली तर शाबासकी द्यावी. पत्रके ही त्याच्याकडे दिलेली अमानत आहे, हे त्याला प्रेमाने समजवावे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही शिकवण आपली आहे. ती त्याच संध्याकाळी पाळावी.

हिशेब ठेवा

किती पत्रके वाटली हे सगळेच सांगतात. त्यातून किती गिऱ्हाईके आली हे फार थोडे सांगू शकतात. त्यासाठी एक वही घालावी. तारीख, गल्ली किंवा सोसायटीचे नाव, परवानगी कोणी दिली, किती पत्रके गेली, कोणी नकार दिला, हे त्यात लिहावे. पत्रकाच्या कोपऱ्यात गल्लीप्रमाणे छोटी खूण करावी, एक टिंब, दोन टिंबे अशी. गिऱ्हाईक आले की "पत्रक कोठे मिळाले?" असे विचारून वहीत नोंद करावी.

समजा, हजार पत्रकांची छपाई १,२०० रुपये आणि दोघांची मजुरी ८०० रुपये, असा दोन हजार खर्च आला. त्यातून आठ गिऱ्हाईके आली. म्हणजे एक गिऱ्हाईक अडीचशे रुपयांना पडले. आता समजा, परवानगी घेतलेल्या मोजक्या घरांत तीनशेच पत्रके दिली, खर्च एक हजार झाला आणि तेवढीच आठ गिऱ्हाईके आली. मग एक गिऱ्हाईक सव्वाशेला पडले. शिवाय सातशे घरांचा राग वाचला. आकडे प्रत्येकाचे निराळे येतील, पण वही असेल तरच ते कळतील. कागदाचाही विचार करावा. सत्तर ग्रॅमच्या कागदावर छापलेली ए-फाइव्ह आकाराची हजार पत्रके म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास कागद. तो वाया गेला तर पैसा गेला आणि कचराही वाढला. पावसाळ्यात हाच कागद गटारे तुंबवितो आणि नदीकाठच्या गरीब वस्तीत पाणी शिरते, तेव्हा त्या तुंबलेल्या गटारात आपले नाव असू नये.

वहीतील नकाराची यादी तर सर्वांत जपून ठेवावी. पुढच्या हंगामात नवी पोरे येतील, त्यांना ही यादी आधी वाचून दाखवावी. एकदा "नको" म्हटलेल्या सोसायटीत दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारायला हरकत नाही, पण ते विचारणे मालकानेच करावे.

शेवटी एक काम सांगतो, ते फार थोडे दुकानदार करतात. वाटप झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने एक फेरी मारावी आणि जिन्यात, फाटकाजवळ, रस्त्यावर पडलेली आपली पत्रके उचलावीत. वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. वीस मिनिटांचे हे काम आहे. वॉचमन पाहतो, जिना झाडणारी बाई पाहते, गॅलरीत उभे असलेले आजोबा पाहतात. त्यानंतर पुढच्या वेळी परवानगी मागायला गेलात तर, इन्शाअल्लाह, "या, बसा" असे ऐकायला मिळेल.